वर्ध्यात खोली कुठं पाहावी? शाळा देवळीकडे, जाणं-येणं सायकलनं

नवा_गुरुजी · १४ एप्रिल, रात्री ९:१०

राम राम मंडळी. जूनमध्ये देवळी तालुक्यातल्या एका शाळेवर रुजू व्हायचं आहे. वर्ध्याहून यवतमाळ रोडनं निघालं की देवळीच्या पाचेक किलोमीटर अलीकडे एक फाटा लागतो, तिथून अडीच किलोमीटर आत गाव. बायको सेवाग्रामला दवाखान्यात आहे, तिच्या ड्युट्या बदलत्या. घरात स्कूटी एकच, आणि ती तिच्याकडे राहील असं ठरलं आहे. ठरलं तेव्हा मी घरी नव्हतो.

सायकलची मला सवय आहे. अमरावतीत सहा वर्षं घर ते बडनेरा सायकलनंच केलं. आता प्रश्न खोलीचा. वर्ध्यात रामनगरकडे घेतली तर मला एका बाजूनं पंधरा-सोळा किलोमीटर पडतात. सालोडला घेतली तर साडेआठ-नऊ. देवळीत घेतली तर साडेसात, पण मग बायकोचं सेवाग्राम पार दुसऱ्या टोकाला.

मोबाइलच्या नकाशावर देवळी सगळ्यात जवळ, रस्ता सपाट, भाडंही कमी. मन तिकडंच ओढून राहिलं आहे. बायको म्हणते, राहा मग एकटा. रोज सायकल चालवणाऱ्यांनी सांगा, अंतर पाहून ठरवू का?

काळी_माती · ९:२२

आतला अडीच किलोमीटर डांबर आहे काय? हे आधी सांगा. बाकी मागून.

पक्का_वर्धेकर · ९:२५

समृद्धी महामार्गानं जा ना गुरुजी. ७०१ किलोमीटर, एक गड्डा नाही.

टपावरची_सायकल · ९:३१

@पक्का_वर्धेकर तिथं मोटरसायकललेच बंदी हाये बापा, सायकल कोण जाऊ देते? आमचं दीड एकर गेलं त्यात. आता वरून मुंबईच्या गाड्या जातात अन् खालच्या बोगद्यातून आमची बैलबंडी.

सदाफुली · १०:०५

गुरुजी, मी एकवीस वर्षं शिक्षिका होते, त्यातली नऊ वर्षं सायकलवर. तुम्ही अंतर विचारता, मी दिशा विचारते.

माझं घर शाळेच्या मावळतीला होतं. म्हणजे सकाळी शाळेत जाताना सूर्य डोळ्यात, आणि सुटून घरी येताना पुन्हा तोच डोळ्यात. पहिल्या वर्षी वाटलं, टोपी घातली की झालं. पण कोवळं ऊन टोपीच्या कडेखालून आत येतं. आणि त्रास माझ्या एकटीच्या डोळ्याचा नव्हता. माझ्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही समोर तोच सूर्य. मला रस्ता दिसत नव्हता इतकंच, त्याला मी दिसत नव्हते. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी एका मेटॅडोरनं माझा पदर आणि पिशवी दोन्ही घासत नेली. ड्रायव्हर उतरून हात जोडत होता, म्हणाला, ताई, काच नुसती पांढरी झाली होती.

तेव्हा देवळी काढून टाका. वर्धा तुमच्या शाळेच्या उगवतीला आहे, घर तिकडेच असू द्या. जाताना सूर्य पाठीशी, येतानाही पाठीशी.

भूगोलाचा_तास · १०:४०

सदाफुलीताईंचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. वर्धा-देवळी रस्ता सरळ पूर्व-पश्चिम नाही. वर्ध्याहून तो नैऋत्येला उतरतो. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे सरकून उगवतो, म्हणजे देवळीहून निघणाऱ्याला सकाळच्या शाळेच्या दिवसांत समोर येणार. हिवाळ्यात तो नैऋत्येकडे मावळतो, म्हणजे देवळीला परतणाऱ्याला पाच-साडेपाचला पुन्हा समोर. दोन्ही ऋतूंत बरोब्बर तुमच्या वेळेला. देवळीकरानं पूर्वजन्मी काय केलं होतं कोण जाणे.

वाऱ्याचंही पाहा. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून. वर्ध्याकडून जाल तर सकाळी तोंडावर आणि संध्याकाळी पाठीवर. सकाळी अंगात जोर असतो तेव्हा भांडून घ्या वाऱ्याशी, येताना तोच ढकलत आणेल.

देवळीकर_दादा · ११:०२

आम्ही पूर्वजन्मी पुण्य केलं म्हणून देवळीत जन्मलो. गावाले नावं ठेवू नका. बाजार हाये, जिनिंग हाये, बँका हायेत, आता रेल्वे स्टेशनही हाये. वर्धा-कळंब गाडी २०२४ च्या फेब्रुवारीपासून सुरू झाली. गुरुजी, देवळीत या, खोली मी पाहून देतो. सूर्यासाठी गॉगल मिळते दीडशे रुपयांत.

सदाफुली · ११:०८

दादा, तुम्हाला मिळेल गॉगल. मागच्या ट्रकवाल्याला कोण घेऊन देणार?

नवा_गुरुजी · १५ एप्रिल, सकाळी ६:५०

बाप रे, रात्रीतून इतकं. सूर्याचा विचार डोक्यातच आला नव्हता. बडनेऱ्याला जाताना मध्ये इमारती, झाडं, काही जाणवायचं नाही.

@काळी_माती, मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं. फाट्यापासून दीडेक किलोमीटर डांबर, पुढे खडीकरण. मग एक नाला, त्यावर रपटा म्हणजे ठेंगणा पूल, आणि रपट्याच्या पलीकडे तीनशे मीटर “थोडा कच्चा” आहे म्हणाले.

काळी_माती · ७:३०

हा “थोडा कच्चा” म्हणजेच तुमची नोकरी हाये गुरुजी. बाकीचे पंधरा किलोमीटर फुकट हायेत.

तुम्ही अमरावतीचे, काळी माती तुम्हाले माहीत हाये, पण ती पायाले माहीत असणं वेगळं अन् सायकलले माहीत असणं वेगळं. पहिल्या पावसानंतर पांदणीवर सायकल घातली की दहा चाकं फिरेपर्यंत काही वाटत नाही. मंग टायरवर थर चढते. थरावर थर. तो मडगार्डच्या आत जाऊन बसते. मंग ब्रेकच्या गुटक्यापाशी गोळा होते. अन् मंग चाक फिरनंच बंद. नुसतं घासत जाते, ओढा कितीही. तुम्ही खाली उतरता, तुराटीची काडी शोधता, मडगार्डच्या आतून माती कोरून काढता, दहा पावलं चालता, पुन्हा तेच. आधी सायकल तुम्हाले नेते, मंग तुम्ही सायकलले नेता. खांद्यावर. अन् सायकलीचं वजन तेव्हा दुप्पट झालेलं असते.

माहा बाप आपल्या जुन्या काळ्या सायकलीचे मडगार्ड मृगाच्या आधी काढून ठेवायचा अन् दिवाळीले लावायचा. पाठीवर चिखलाची रेघ उमटायची, पण चाक फिरायचं. खोली कुठंही घ्या, त्या तीनशे मीटरचं काय करता ते आधी ठरवा.

मेघे_बाई · ८:१५

मडगार्ड काढून शाळेत गेलात तर पाठीवरच्या रेघेवरून पोरं नाव ठेवतील. आमच्या एका सरांना “खार” म्हणायचे, निवृत्त होईपर्यंत.

चार्जिंग_फुल्ल · ९:४४

ई-सायकल घ्या ना सर. २५० वॅटची मोटर, ताशी २५ किलोमीटरपर्यंत, लायसन लागत नाही. मग रामनगर काय अन् सालोड काय.

काळी_माती · ९:५०

ती चिखलात खांद्यावर घेऊन दाखवा आधी.

पक्का_वर्धेकर · १०:२०

सेवाग्रामचं नाव निघालं म्हणून सांगतो. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याहून तिथं राहायला गेले ते पायी. तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव. टपाल जाऊन पडायचं शेगावला, तिकडून पुन्हा इकडे. शेवटी १९४० मध्ये सेवाग्राम नाव ठेवलं. म्हणजे “राहावं कुठं, जावं कसं” हा आपल्या जिल्ह्याचा जुना प्रश्न आहे.

टपावरची_सायकल · १०:३३

आमच्या वेळी एक सोय होती, एसटीच्या टपावर सायकल चढवता यायची. आम्ही आर्वीहून निघालो की कंडक्टर सायकलीचं वेगळं तिकीट फाडायचा अन् आम्ही शिडीवरून ती वर बांधायचो. उतरायच्या गावाले कंडक्टरनं डबल बेल दिली की संपलं, सायकल पुढच्या गावाले. माही एकदा थेट तळेगावले जाऊन आली. माह्यापेक्षा जास्त फिरली ते दिवशी.

ट्यूब_टायर · दुपारी १:१५

दुकान बंद करून जेवायले बसलो, म्हणून लिहितो. माहं पंक्चरचं दुकान हाये, यवतमाळ रोडवरच. दोन गोष्टी सांगतो.

एक, काटे. शेतकरी बाभळीच्या झाट्यांचं कुंपण करते, पीक निघालं की ते ओढत नेते, अन् काटे पांदणीवर सांडतात. दिवाळी ते होळी आमचा सीझन असते. बाभळीचा काटा टायरात घुसला की वरून मोडते, टोक आत राहते. लोक नवी ट्यूब टाकतात, चार किलोमीटरवर तीही जाते, मंग म्हणतात दुकानदारानं फसवलं. ट्यूब बदलली की टायरच्या आतून बोट फिरवा, हळूच, पूर्ण गोल. टोचलं तिथं नेलकटरनं उपटा. जुनी ट्यूब कापून टायर अन् नव्या ट्यूबच्या मधात लावली तर अर्धे काटे तिथंच अडतात.

दुसरी गोष्ट, हायवे. सिमेंटचा चौपदरी हाये, मधात दुभाजक. तुमचा फाटा कोणत्या बाजूले पडते ते पाहा. वर्ध्याहून जातांना डावीकडं असन तर जातांना सोपं, येतांना रस्ता ओलांडा लागते. दुभाजकाले तोंड कुठं हाये ते पाहून घ्या. ते दूर असलं की लोक उलट्या बाजूनं येतात. तसं करू नका. कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-मेटॅडोरच्या बाहेर दोन-दोन हात जाळी फुगलेली असते, उलट्या बाजूनं येणाऱ्या सायकलवाल्याले जागाच राहत नाही.

नवा_गुरुजी · २:०२

@ट्यूब_टायर दादा, हे लिहून ठेवलं. फाटा डावीकडे आहे.

अर्ज_विनंती · ३:३०

गुरुजी, मुख्यालयी राहायची अट नाही का तुम्हाला? 😀 घरभाडे भत्ता, ग्रामसभेचा ठराव वगैरे?

नवा_गुरुजी · ३:४१

खासगी संस्था आहे हो. सुटलो.

अर्ज_विनंती · ३:४४

भाग्यवान. आमच्याकडे कागदावर अख्खी शाळा गावात राहते, आणि संध्याकाळी सव्वापाचला अख्खं गाव फाट्यावर एसटीची वाट पाहत उभं असतं.

देवळीकर_दादा · ४:१०

चेष्टा बाजूला ठेवा, पण गुरुजी गावातच राहिले तर काय बिघडते? आमच्या लहानपणी मास्तर गावात राहायचे. संध्याकाळी कंदिलावर शिकवणी घ्यायचे. आता साडेपाच वाजले की शाळेले कुलूप. सायकल, सूर्य, वारा, सगळं बोलून झालं, गावात खोली पाहा असं कोणीच म्हणत नाही.

मेघे_बाई · ४:२६

दादा, मुद्दा कळतो. पण तुमच्या त्या मास्तरांच्या बायका रात्रपाळीला जात होत्या का? इथं बाई रात्री दहाला ड्युटीवर निघणार किंवा सकाळी आठला सुटून येणार. धागा सगळा गुरुजींच्या अडीच किलोमीटरवर चालू आहे. ताईंच्या रात्रीच्या रस्त्याचं कोणी विचारलं?

मी स्वतः सालोडला राहिले आहे. दिवसा छान. रात्री एकटीनं स्कूटीवर सेवाग्रामपर्यंत जायचं तर मी नाही म्हणेन. मधलं काढा काहीतरी. बोरगाव मेघे, सावंगी मेघे पाहा. सावंगीला मोठा दवाखाना आहे, रात्री रस्त्यावर माणसं असतात, मेडिकल उघडं, चहा उघडा. भाडं चढं आहे, विद्यार्थी फार. पण ताईंचाही रस्ता उजेडाचा, आणि तुम्ही शाळेच्या उगवतीलाच राहता.

नवा_गुरुजी · ५:०५

@मेघे_बाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला. तिनं काही न बोलता चहा केला. असा चहा सहा महिन्यांत झाला नव्हता. सावंगीहून मला साडेदहा-अकरा पडतील. पन्नास मिनिटं. जमेल असं वाटतं.

सदाफुली · ६:३०

जमेल, पण खोली पाहायला सकाळी जाऊ नका. सगळ्या खोल्या सकाळी चांगल्या वाटतात. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, साडेअकरा-बाराला सुटते. म्हणजे वर्षभर पाठीशी असलेला सूर्य तेव्हा डोक्यावर. पारा ४२-४३, हायवेचं सिमेंट खालून भाजतं. त्या वेळेला त्या रस्त्यानं एकदा जाऊन पाहा आणि मग खोलीत शिरा. वरच्या मजल्याची असेल, डोक्यावर उघडी स्लॅब असेल, तर नाही म्हणा. उन्हातून आलेल्या माणसाला रात्री बारापर्यंत भट्टीत बसावं लागतं, कुलर नुसता गरम हवा फिरवतो. तळमजला पाहा. सायकलही आत घेता येते.

डोक्याला पांढरा दुपट्टा ओला करून बांधा, कान झाकून. पाण्याची बाटली घोंगडीच्या किंवा जीन्सच्या तुकड्यात शिवून ओली ठेवा. वाटेत दोन ठिकाणं अशी हेरून ठेवा, जिथं सावलीत बसलं तर कोणी हटकणार नाही.

टपावरची_सायकल · ६:४४

अन् खिशात कांदा.

चार्जिंग_फुल्ल · ६:५०

कांद्यानं लू लागत नाही याला काही आधार आहे का?

टपावरची_सायकल · ६:५३

आधार नाही, पण फाट्यावर भुकेजलो तर खाता येते.

रोही · रात्री ११:२०

उशिरा आलो. नोव्हेंबर-डिसेंबरात दिवस लवकर मावळतो, शाळेत मीटिंग असली की अंधार. त्या भागात रोही (नीलगाय) अन् रानडुकरं दोन्ही हायेत. रोही अचानक उडी मारून आडवा येते अन् त्याच्यामागून दुसरा येतेच. एक गेला की थांबा. पुढं दिवा लावता तसा मागंही लाल दिवा लावा, नुसतं चकाकणारं स्टिकर पुरत नाही. आमच्या गावातला एक पोरगा नुसत्या स्टिकरवर जात होता. पाय मोडून सहा महिने घरी होता.

काळी_माती · ११:४०

गुरुजी, एक राहिलं. आजूबाजूच्या खेड्यातल्या पोरी तुमच्याच शाळेत येत असतील, सरकारी योजनेत मिळालेल्या सायकलीवर. त्यायले विचारा रपट्याचं. आम्ही इथं नकाशावर बोलून राहिलो, त्या रोज जातात.

नवा_गुरुजी · २२ मे

कळवायचं राहिलं. सदाफुलीताईंचं ऐकून दोनदा भर दुपारी फाट्यापर्यंत सायकलनं जाऊन आलो. पहिल्यांदा परतताना डोळ्यासमोर काजवे चमकले, एका लिंबाखाली वीस मिनिटं बसलो. दुसऱ्यांदा ओला दुपट्टा आणि दोन बाटल्या, सरळ आलो. सावंगी मेघेला तळमजल्याची खोली घेतली. छोटी आहे, समोर घरमालकांचं आंब्याचं झाड आहे. रामनगरपेक्षा भाडं पाचशेनं जास्त, पण बायकोनं ठरवलं. या वेळी मी घरी होतो.

देवळीकर_दादा · २२ मे

बरं. देवळीले बाजाराच्या दिवशी या, जेवायले.

पुणेकर_पाहुणा · १ जुलै

आत्ताच धागा वाचला. जूनच्या मध्यापासून शाळा सुरू झाली असेल ना? कसं चाललंय?

अर्ज_विनंती · १ जुलै

भाऊ, विदर्भ आहे हा. आमची शाळा तुमच्यानंतर उघडते. तुमच्याकडे जूनमध्ये पाऊस येतो, आमच्याकडे जूनमध्ये ऊन जायचं नाव घेत नाही.

नवा_गुरुजी · १९ ऑगस्ट

पाऊस लागला, म्हणून आज सुटी. रपट्यावरून पाणी आहे. निवांत लिहितो.

काळी_माती यांनी लिहिलं तस्संच झालं. पहिल्या आठवड्यात रपटा ओलांडला, वीस पावलांत मागचं चाक बंद. काडीनं माती कोरत बसलो होतो. आठवीतल्या दोन मुली मागून आल्या, चपला हातात, सायकली नाहीत. म्हणाल्या, सर, सायकल इथपर्यंत कोणी आणत नाही. मग त्यांनी दाखवलं. खडीकरण संपतं तिथं एक कडुलिंब आहे, त्याच्याखाली शेताच्या मालकानं टिनाचं छप्पर टाकलं आहे. दहा-बारा सायकली तिथं उभ्या असतात, सगळ्या एका साखळीत, चावी सर्वांत मोठ्या मुलीकडे. तिथून पायी. रपटा झाला की रस्त्यानं जायचं नाही, डावीकडच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, धरायचा. धुऱ्यावर गवत आहे, पाय फसत नाही. सव्वाचारशे पावलं, मी मोजली. शाळेच्या मागच्या कुंपणातून आत शिरायला त्यांनी फट केली आहे. मुख्याध्यापकांना ती ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता माझीही सायकल त्याच साखळीत असते. गुरुजींची म्हणून सगळ्यात आतल्या बाजूला लावतात, त्यामुळे संध्याकाळी सगळ्या सायकली निघाल्याशिवाय माझी निघत नाही. मडगार्ड काढलं नाही. वारा सकाळी खरंच तोंडावर असतो, पन्नास मिनिटांची पासष्ट होतात. येताना पंचेचाळीस.

काळी_माती · १९ ऑगस्ट

धुरा कोणाचा हाये ते विचारलं काय? सोयाबीन निघालं की तो नांगरताना धुरा कोरते, अर्धा राहते. आत्ताच ओळख करून ठेवा त्याच्याशी.

नवा_गुरुजी · १९ ऑगस्ट

छप्परवालाच मालक आहे. नातू तिसरीत आहे त्याचा. परवा म्हणाला, गुरुजी, धुरा तुमचा, पण नातवाचा पाढा पक्का करून द्या. सध्या सातावर अडलो आहोत.

ट्यूब_टायर · १९ ऑगस्ट

दिवाळीनंतर या दुकानात. जुनी ट्यूब कापून ठेवतो.